प्रणालीचं वाण

कुकरची शिट्टी झाली, तशी रोशनी दचकली. जठारपेठेतल्या त्या फ्लॅटमध्ये दुपारपासूनचा तो पहिलाच आवाज.

नवऱ्याकडे लंडनला जायचं तर इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास होणं भाग होतं. ‘मैत्रिणींशी गप्पा’ या प्रश्नावर क्लासच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "उत्तर कोरडं आहे गं. एखादीचं नाव घे, किस्सा सांग."

मग रोशनीनं मनानंच एक मैत्रीण रचली, प्रणाली नावाची. रोज गच्चीवर येणारी, हसता हसता चहा सांडणारी. लेकीसमोर रोज तेच उत्तर घोकलं. आज मॅडमचा मेसेज आला, "आता अगदी खरं वाटतं!"

संक्रांतीच्या वाणाच्या डब्या टेबलावर तशाच होत्या. लेकीनं त्यातली गुलाबी उचलली.



"आई, ही प्रणालीमावशीले ठेवू? कवा येईन व ती आपल्या घरी?"