फडताळापाशी उजेड

"त्याचं तोंड दिसलं पायजे," रत्नमाला पुन्हा म्हणाली.

सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. राजेंद्रनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही.

"ताई, उजेड त्याच्या पाठीमागून येणार. तो नुसता काळा दिसेल. तोंड दिसलं की माणूस कळतो, आणि माणूस कळला की भीती निम्मी होते."

"आन् माणूस कळायलाच पायजे असंल तर?"

"मग दुसरा कॅमेरामन बघा." तो हसला. कॅमेरामन लोकांना आपल्या उजेडाबद्दल कुणी बोललेलं खपत नाही, मग बोलणारा निर्माता का असेना. तरी त्यानं बोट दाखवलं. "त्या फडताळापाशी तो आडवा उभा राहिला, तरच तोंडावर उजेड पडेल. पण तिथं तो येणारच नाही."

रत्नमालानं फडताळाकडं नीट बघून घेतलं.

चिकलठाण्याच्या जुन्या गावठाणातलं हे रिकामं घर राजेंद्रनंच शोधलं होतं, केवळ मागच्या दारासाठी. दार पश्चिमेला. सूर्य खाली आला की उजेड सरळ स्वयंपाकघरात शिरायचा आणि बघता बघता निघून जायचा. उद्या घर पाडणार होते. म्हणजे आज जे मिळेल तेच.

सिनेमाची दिग्दर्शक करुणा, गोष्ट रत्नमालानं सांगितलेली. सोयगावकडं घडलं म्हणतात, अशी ऐकीव. नवरा बायकोला विहिरीत ढकलतो. पाय घसरला, असं गाव म्हणतं. बघणारी एकटी धाकटी बहीण. ती शहरात लपून राहते आणि एका संध्याकाळी दाजी तिच्या मागच्या दारात उभा राहतो. रत्नमाला मुकुंदवाडीत डबे करायची, कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली नव्हती. तरी करुणानं बहिणीचं काम तिलाच दिलं.

आणि तिथंच घोडं अडलं. तालमीत रत्नमालाच्या चेहऱ्यावर राग यायचा, थकवा यायचा. भीती काही येत नव्हती. सगळा सिनेमा त्या एका चेहऱ्यावर उभा, त्यामुळं करुणाचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी करुणा आणि राजेंद्रनं मिळून ठरवलं. दाजीचं काम करणाऱ्या ऋतुराजला रत्नमालाच्या नजरेसच पडू द्यायचं नाही. त्यानं पुढच्या गल्लीत गाडीत बसायचं, उन्हं कलली की घराला वळसा घालून मागच्या दारी यायचं, तीनदा कडी वाजवायची आणि आत शिरायचं. नेमकं कधी, ते त्याचं त्यानं ठरवायचं. त्यानं आणि रत्नमालानं मनाला येईल ते बोलायचं. कॅमेरा आतल्या अंधाऱ्या खोलीत, काळ्या पडद्याआड. करुणा 'कट' म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

दुपारी रत्नमाला फोन कानाला लावून मोरीपाशी उभी होती.

"व्हय दाजी, मीच. दिवस मावळताना या, मागल्या दारानं. एकटीच हाय. मिटवून टाकू एकदाचं."

हे पटकथेत कुठंच नव्हतं. बाई आपल्या मनानं तालीम करतेय, भूमिकेत शिरतेय. राजेंद्रला फार बरं वाटलं. त्यानं करुणाला तसं सांगितलंही.

संध्याकाळचं विमान डोक्यावरून गेलं. आवाज बघणाऱ्या साहेबरावनं हेडफोन चढवून मान हलवली. राजेंद्रनं कॅमेरा सुरू केला. ओट्यापाशी रत्नमाला भाकरी थापत होती. अंगावर थोरल्या बहिणीची जुनी साडी, तिनंच घरून आणलेली.

दार ढकललं गेलं. कडी वाजलीच नाही. ऋतुराज विसरला, राजेंद्रच्या मनात आलं.

उंबऱ्यात काळी आकृती उभी राहिली. खांदे जरा जास्तच रुंद वाटले. पाठीमागून उजेड असला की सगळेच रुंद दिसतात.

"एकटीच?" आवाज घोगरा, हळू.

"व्हय." रत्नमालाच्या हातातला गोळा परातीत पडला. इतके दिवस न आलेली भीती आता थेट डोळ्यांत उतरली होती. करुणानं आनंदानं राजेंद्रचा खांदा दाबला.

"आवडीची साडी नेसलीस व्हय?"

नाव चुकलं. पटकथेत थोरल्या बहिणीचं नाव आवडी नाही, सुमन होतं. पण असल्या टेकमध्ये नाव कोण बघतो!

"तुमीच ढकलली तिला."

"ढकलली. वरडली बी नाय. नुसती बघत ऱ्हायली माझ्याकडं." तो पुढं आला. "बघणारी तू एकटी. तू बी वरडू नको."

त्याचे हात तिच्या गळ्याला भिडले. तिचे डोळे विस्फारले. पकड फार खरी वाटत होती. 'कट' म्हण, करुणा, आता तरी म्हण. करुणा मॉनिटरकडं डोळे लावून बसली होती. साहेबराव पुतळ्यासारखा स्तब्ध. राजेंद्रचा हात कॅमेऱ्यावरून सुटला आणि सवयीनं परत बसला.

रत्नमाला मागं सरकू लागली. गळा त्याच्या हातात, आणि ती त्याच्या मनगटांना धरून त्याला ओढत नेत होती, ओट्यापासून लांब, फडताळाकडं. राजेंद्रला राग आला. सगळा काळा आकार बिघडवला बाईनं! फडताळापाशी ती थांबली. तो आडवा झाला आणि मावळतीचा उजेड त्याच्या तोंडावर सरळ पडला. दाढीचे खुंट, कपाळावरचा घाम, सगळं लख्ख.

तेवढ्यात मागच्या दारात दुसरी काळी आकृती येऊन उभी राहिली आणि कडी वाजली. एकदा, दोनदा, तीनदा.

त्या माणसानं दचकून मान वळवली. हात ढिले पडले. रत्नमालानं श्वास ओढला आणि पडद्याकडं, थेट कॅमेऱ्यात बघत विचारलं, "साहेब, तोंड दिसलं ना आता?"