जोडप्यांचा मजला

"मी घोरतो," चष्म्याचा दुकानदार काउंटरवर वाकून हळूच म्हणाला. "म्हणजे फारच घोरतो. तेवढ्यासाठी खोली बदलून मिळेल का?"

त्याच्यामागे रांगेत सात माणसं होती. सातही जणांना ते ऐकू गेलं.

काउंटरवरच्या बाईंना जहाजावर सगळे खोलीबाई म्हणत. वयात आलेली पोरं घेऊन येणाऱ्या कुटुंबांना खोल्या वाटून देणं हे त्यांचं काम, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोरांना जिन्याजवळ ठेवायचं नाही. पोरींच्या बापांना पोरांच्या बापांशेजारी ठेवायचं नाही, कारण पोरांआधी बापच भांडतात. या फेरीला तर त्यांनी नवीच शक्कल लढवली होती. सगळी पोरं खालच्या मजल्यावर, एकावर एक पलंगांवर, एका कडक मावशींच्या पहाऱ्यात. आईबाप वर, जोडप्यांच्या मजल्यावर. पोरांच्या मजल्यावर मोठ्यांना बंदी.

आईबाप खूश होते. एक गृहस्थ तर पहिल्या दिवसापासून शीळ घालत फिरत होते. रडगाणं काय ते या चष्मेवाल्याचं एकट्याचं.

त्याने दोन खोल्या मागितल्या होत्या. एकीत तो आणि चौदा वर्षांचा पोरगा, शेजारच्या खोलीत त्याच्याबरोबरची बाई आणि सोळा वर्षांची पोरगी. खोलीबाईंनी फॉर्म पुन्हा बघितला. पती-पत्नी, लग्नाला वीस वर्षं, असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. वीस वर्षं पुरी केलेल्यांना कंपनी निम्म्या भाड्यात समुद्राकडची खिडकी देत होती. खोलीबाईंनी त्यावर स्वतःच्या मनाने गोल पलंगही दिला होता.

त्यांनी ड्रॉवरमधून कानात घालायच्या बोळ्यांचं पाकीट काढलं. "हे मिसेसना द्या."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याची पाठ धरली. गादी मऊ पडते म्हणाला. खोलीबाईंनी सुताराला फळी घेऊन वर पाठवलं. गोल पलंगाखाली चौकोनी फळी बसेना, म्हणून सुताराने ती गोल कापली. त्या कर्कश आवाजाने अख्खा मजला दारात आला, आणि चष्मेवाल्याच्या पाठीची चौकशी जेवणाच्या रांगेतही होऊ लागली.

तिसऱ्या सकाळी डेक झाडणारा बातमी घेऊन आला. चष्मेवाले साहेब आरामखुर्चीत टॉवेल पांघरून झोपलेले सापडले. खुर्ची मिटायला गेला तेव्हा आत साहेब होते.

आता मात्र खोलीबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी चष्मेवाल्याला काउंटरमागच्या खोलीत नेलं, दार लावलं.

"साहेब, तुम्ही काही सांगू नका. माझ्या लक्षात आलंय."

चष्मेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "काय लक्षात आलंय?"

"तुमचं दोघांचं फाटलंय. पोरांना पत्ता नाही. त्यांच्यासाठी म्हणून शेवटची सहल एकत्र काढलीत."

 तो चष्मा काढून पुसायला लागला.

"तसंच समजा," तो म्हणाला. "पण कुठे बोलू नका. तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि आजच्या आज दोन खोल्या द्या. कुठल्याही द्या. इंजिनाशेजारी द्या."

त्याचे कान लालबुंद झाले होते. इतका शरमलेला माणूस खोलीबाईंनी नोकरीत पाहिला नव्हता. बघते म्हणाल्या, आणि खरंच बघायला लागल्या.

दुपारी ती दोघं डेकवर बसलेली दिसली. एकाच ताटलीतून बटाट्याचे वेफर खात होती. बाईने शेवटचा वेफर पळवला तशी चष्मेवाल्याने तिच्या डोक्यात टपली मारली. एवढं जमतंय म्हणजे अजून आशा आहे, असं खोलीबाईंना वाटलं. त्यांनी पोरांना गाठलं, आईबाबांना जपा म्हणाल्या. पोरगा आणि पोरगी एकमेकांकडे बघून तोंड दाबत पळून गेली. आजकालच्या पोरांना कशाचं काही नाही.

खोल्या रिकाम्या होत्या. खोलीबाईंनी त्या दिल्या नाहीत. त्यांनी फक्त कप्तानाला सांगितलं. कप्तानाने फक्त आचाऱ्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत ज्याला माहीत नाही असं जहाजावर कोणी उरलं नाही.

जेवणाच्या वेळी दिवे मंद झाले. कप्तानाने चष्मेवाल्याचं नाव पुकारलं, आणि हाताला धरून दोघांना स्टेजवर आणलं. समोर तीन मजली केक, वर साखरेचा मोठा वीसचा आकडा. खोलीबाईंनी स्वतःच्या हाताने बाईच्या कॉलरला छोटा माइक लावला. ही सवलत फसवून घेतल्यासारखा चोरटा चेहरा करू नका, हसा, असं कप्तान गमतीने म्हणाला. चष्मेवाल्याने मान आणखी खाली घातली.

"वीस वर्षांपूर्वी यांना जे म्हणाला होतात," कप्तान म्हणाला, "ते आज पुन्हा म्हणा."

चष्मेवाला केकवरच्या वीसच्या आकड्याकडे बघू लागला. पुढच्या टेबलावरच्या बाईने रुमाल काढला. तीनशे माणसं श्वास रोखून बसली होती. खोलीबाईंचे डोळे भरून आले. मोडलेलं घर आपल्या डोळ्यांसमोर सांधलं जातंय.

दोघांच्या मध्ये एक सूटकेस मावेल एवढी जागा होती. फोटोग्राफर आणखी जवळ या, आणखी जवळ या म्हणत होता. शेवटी कप्तानानेच दोघांना मागून ढकललं. फ्लॅश पडला.

बाई चष्मेवाल्याच्या कानाशी लागली. ती पुटपुटली, पण माइक चांगला होता.

"दादा, हा फोटो वहिनीला दिसला ना, तर माझं माहेर कायमचं तुटलं."