घरच्या माणसाची सही

"रजिस्टरात तुमची सही नाही." चौकशी समितीच्या अध्यक्षांनी फाटकावरची वही प्राध्यापकबाईंपुढे आपटली. "म्हणजे आमच्या या जलशुद्धीकरण केंद्रात तुम्ही चोरून शिरलात."

बाईंनी वहीकडे पाहिलंच नाही. त्या समोर बघत होत्या. तिथे केंद्राचा मुख्य अभियंता बसला होता, त्यांचा जुना विद्यार्थी. "आमची संगणक यंत्रणा एकदा तपासा ना, मॅडम," म्हणून त्यानेच बोलावलं होतं. फाटकावर बाईंनी पेन काढलं तर म्हणाला, "तुम्ही घरच्याच. तुमची कसली सही!" आणि आत येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करा, सख्ख्या भावाचीही, असं वर्गात घसा फोडून सांगणाऱ्या बाई हसत हसत आत गेल्या होत्या. तासाभरात यंत्रणेतलं भोक सापडलं. कुणीही उपटसुंभ घरी बसून शहराच्या पाण्यातलं क्लोरीन वाढवू शकत होता, आणि केंद्रातल्या पडद्यावर सगळं ठीकच दिसलं असतं.

"सांग यांना, मला कोणी बोलावलं."

अभियंत्याने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "मॅडमबद्दल मला आदर आहे. पण परवानगी मी दिली नव्हती."

"अरे, बसायला खुर्ची तू पुसून दिलीस!"

कुणीतरी खोकलं.

"बरं. मी चोर. विद्यापीठातून हाकला, पोलिसांत द्या. पण ते भोक बुजवलंत का?"

"आजचा विषय तो नाही," अध्यक्ष म्हणाले.

"दोन महिने झाले. लोक ते पाणी पितायत."

"विषय तो नाही, बाई."

जिन्यात अभियंता मागून धावत आला. "मॅडम, समजून घ्या. यंत्रणा मी पास केलीय. भोक आहे म्हटलं की पहिली मान माझी. दोन लेकरं आहेत मला."

"कुठलं पाणी पितात ती?"

तो जिन्याचा कठडा नखाने खरवडत राहिला.

"कुठलं?"

"बाटल्या आणतो. विकतच्या."

"कधीपासून?"

"तुम्ही येऊन गेल्यापासून."

खाली केंद्राच्या फाटकावरचा पहारेकरी नळाखाली ओंजळ धरून पाणी पीत होता. बाहेर पडणाऱ्या बाई टेबलाशी थांबल्या, तसा तोंड पुसत म्हणाला, "जा मॅडम, तुमची कसली सही! ओळखतो ना आम्ही."

बाईंनी त्याच्या टेबलावरची नवी वही ओढली. नाव लिहिलं, वेळ लिहिली. 'कोणाकडे आलात' या रकान्यापाशी पेन थांबलं. मग त्यांनी कागद फाटेल इतकं दाबून लिहिलं:

ओळखीचं कोणी नाही.