खुर्च्यांचं विमान

जेवणाच्या टेबलाच्या तीन खुर्च्या आजीनं हॉलमध्ये ओढून आणल्या. दोन शेजारी-शेजारी लावल्या, एक त्यांच्या पुढे, आणि गळ्यातली शिवणकामाची टेप काढून मधलं अंतर मोजलं. विमानात गुडघे पुढच्या सीटला टेकतात, असं जावयानंच सांगितलं होतं. तिनं पुढची खुर्ची आणखी चार बोटं मागे रेटली. त्याचं काम सोपं करून द्यायची तिला अजिबात हौस नव्हती.

"बसा," ती म्हणाली. "आता विमान उतरेपर्यंत उठायचं नाही."

जावई ठकीला मांडीवर घेऊन बसला. ठकीला दात येत होते आणि हाताला लागेल ते ती चावत होती. सध्या बापाच्या शर्टाची कॉलर तिच्या तोंडात होती. पायाशी बॅग होती. बाटल्या, लंगोट, दुधाची पावडर, सगळं तिच्यात व्यवस्थित भरलेलं. लोकरीची टोपी तेवढी आजीच्या गाऊनच्या खिशात होती. ती द्यायची की नाही, हे तिचं अजून ठरलं नव्हतं. पुढच्या खुर्चीत आजोबांना बसवलं होतं. त्यांचं काम एवढंच, की मागच्याला त्रास होईल अशा बेतानं रेलून बसायचं.

मुलगी तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा ठकी अजून अंगावर पीत होती. तेव्हापासून ती आजीच्याच कुशीत वाढली. बाप लांब परदेशात नोकरीला, रजा मिळेल तसा येऊन जायचा. या वेळी मात्र तो लेकीला न्यायला आला होता. आजीनं आधी रडून पाहिलं, मग अबोला धरून पाहिला, आणि शेवटी म्हणाली, "एवढा लांबचा प्रवास एकट्यानं कसा करणार ते इथं घरात करून दाखवा. जमलं तर न्या. नाही जमलं तर राहू दे पोर माझ्याकडे." जावई बरं म्हणाला. तो नापास होणार याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

सुरुवात तिच्या मनासारखी झाली. ठकीनं चमचा फेकला. तो उचलायला जावई वाकला आणि त्याचं कपाळ पुढच्या खुर्चीवर आपटलं. एका हातानं पावडर ओतताना अर्धी पँटवर सांडली. ठकीनं भोकाड पसरलं. पण तो गांगरला नाही. तिला खांद्यावर टाकून, पाठीवर थोपटत तो काहीतरी गुणगुणत राहिला. सूर इतका चुकत होता की आजीनं तो लगेच ओळखला. तिची मुलगी अशीच बेसूर गुणगुणायची. ठकी हळूहळू शांत झाली, आणि आजीला त्याचा राग आला.

आजोबा केव्हाच घोरायला लागले होते.

"बाबांना मात्र प्रवासी छान जमलाय," जावई म्हणाला.

आजी हसली नाही. ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. "मी शेजारची बाई," तिनं सांगितलं. "खडूस आहे."

"बरं."

"अहो, तुमच्या पोरीच्या लाथा लागतायत मला."

"सॉरी. दात येतायत तिला."

"मग एवढ्याशा पोरीला घेऊन निघायचंच कशाला माणसानं?"

"घरी चाललोय आम्ही."

घरी हा शब्द आजीला झोंबला. एक प्रश्न तिनं शेवटी विचारायला राखून ठेवला होता. विमानात कुणी ना कुणी तो विचारणारच, मग आपण विचारला तर काय बिघडलं, अशी तिनं सकाळीच मनाची समजूत घातली होती. पण आपल्याला त्याला मोडायचंय, हे तिला कळत होतं.

"हिची आई कुठाय?"

थोपटणारा हात थांबला. जावई ठकीच्या टाळूकडे बघत राहिला. आता हा उठणार, आजीला वाटलं. उठला की संपलं.

"तिला रजा नाही मिळाली," तो म्हणाला. "मागून येतेय."

असलं खोटं बोलू नका, असं आजीला म्हणता आलं असतं. म्हणायलाच हवं होतं.

"कधी येतेय?" तिनं विचारलं.

"रजा मिळाली की लगेच."

"काळजी करत असेल."

"हो ना. निघताना दहादा बॅग तपासली. बाटल्या उकळल्या का, टोपी घेतली का. माझ्यावर भरवसाच नाही तिचा."

"लहानपणापासून..." आजी बोलता बोलता थांबली. शेजारच्या बाईला हे माहीत असायचं कारण नव्हतं. "असतात अशा काहीजणी," ती म्हणाली. "एकटी आहे, तर वेळेवर जेवते का तरी?"

"कुठलं हो. ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाते. सांगून ऐकत नाही."

"नाहीच ऐकणार."

दोघं समोर बघत बसले. आजोबांचं घोरणं थांबलं होतं, पण त्यांनी मान वळवली नाही. ठकीला बापाच्या खांद्यावर झोप लागली होती. त्याचा हात अवघडून गेला असणार, तरी त्यानं तो हलवला नाही. आजीनं खिशातून टोपी काढली, खाली वाकून बॅगेत सरकवली आणि चेन लावून टाकली.

"काय गं," आजोबांनी समोर बघतच विचारलं. त्यांचा आवाज बसला होता. "आलं का विमान? उतरायचं का?"

"इतक्यात नाही," आजी म्हणाली. मग ती जावयाकडे जराशी सरकली. "आणि काय म्हणत होती ती, निघताना?"