भरधाव बोटं

तरुणपणी मास्तरांनी जीव ओतून कीबोर्डवरच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा एक आल्बम केला होता. तेव्हा त्याला कुत्रं विचारेना. आज नातीने मोबाइल पुढे धरला. कुणा पोराने रद्दीत सापडलेली ती रेकॉर्ड नेटवर टाकली होती आणि "काय बोटं चालतात!" म्हणत जो तो तिच्यावर नाचत होता.

"अगं, या गाढवाने रेकॉर्ड भलत्याच वेगाने फिरवलीय!" मास्तर कडाडले. "माझी आई गेली तेव्हा बांधलेली संथ धून आहे ही!" त्यांनी तसंच लिहून खाली आपलं नाव टाकलं.

पोराचं उत्तर आलं, "एवढ्या थोर माणसाचं नाव चोरता? लाज नाही वाटत, आजोबा?"

 

आणि आयुष्यात लाभलेल्या पहिल्या चाहत्याने मास्तरांना ब्लॉक केलं.