माफ केलेला आलेख

“शलाका, गणिताच्या चाचणीतला आलेखाचा प्रश्न तुला माफ. त्याचे चार गुण तसेच देतो,” मुजावर सर म्हणाले. अकरावीचा सगळा वर्ग तिच्याकडे वळला. शलाकाला जन्मापासून दिसत नव्हतं, पण बाकांची कुरकुर तिला ऐकू आली.

ती ताडकन उठली. “माफ कशाला? मी काय गुन्हा केलाय?”

“अगं, रेषा फळ्यावर आहे. तुला कशी कळणार?”

“मग फळ्यावरून खाली आणा!” संतापाने तिचा आवाज चिरकला. “मला फुकटचे गुण नकोत.”

दुसऱ्या दिवशी सरांनी तिच्यापुढे एक पुठ्ठा ठेवला. त्यावर सुतळी चिकटवून आलेख काढला होता आणि अक्षांवर आकड्यांच्या जागी टिकल्या लावल्या होत्या. टिकल्या मोजत शलाकाने डावीकडून बोट सरकवलं. सुतळी चढत चढत दोनच्या उंचीवर तुटली. उजवीकडून बोट आणलं, तर ती त्याच जागी, पण चारच्या उंचीवर येऊन थांबली.

“डावीकडून लिमिट दोन, उजवीकडून चार,” ती घुश्शातच म्हणाली. “दोन्ही जुळत नाहीत, म्हणजे इथे लिमिट नाहीच.”

“बरोबर. आणि नेमकी त्या जागी फंक्शनची किंमत?”

“चार.”

“चूक. खाली एकच्या उंचीवर खूण म्हणून साबुदाणा चिकटवलाय, तो तू चाचपलाच नाहीस. एक गुण गेला.”

शलाकाने साबुदाणा शोधला. स्वतःवरच चरफडत तिने पुठ्ठा सरांकडे ढकलला.

“दुसरा आलेख द्या.”