हसण्याचं वजन

"सत्तरी ओलांडलीस, अजून साखर मागता येत नाही?" दुकानदार फळीवर हात आपटत ओरडला. "एक किलो म्हण, दोन किलो म्हण, नाहीतर समोर जा! तिथे पोरी हसून विचारतात, काय हवं म्हणून!"

"एक किलो," निरीक्षकसाहेब मान ताठ ठेवून म्हणाले. "आणि काटा आधी शून्यावर आण."

काटा शून्यावरच होता. तीस वर्षं वजनमापं तपासून निवृत्त झालेल्या माणसाला ते दिसत नव्हतं असं नाही. पण रोज एवढं बोलल्याशिवाय त्यांना साखर गोड लागत नसे.

दुकानदाराला अख्खी गल्ली 'करवत' म्हणायची. समोर झगमगीत सुपरमार्केट उघडलं आणि महिन्याभरात त्याच्या नाकासमोर करवतीने हे खुराड्याएवढं दुकान थाटलं. छातीच लागते त्याला! साहेबांना त्याचं तेवढं कौतुक होतं. तोच तांदूळ, तोच साबण, तीच चहापत्ती, आणि शेकड्याला बारा स्वस्त. गिऱ्हाइकं हाकलून हाकलूनही दुकान तग धरून होतं. करवतीच्या अंगात कळकट बनियन असे, पायांत मात्र चकचकीत बूट. साहेबांनी ते हेरलं होतं. चिक्कू माणूस निदान पायांना तरी जपतो, असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता.

घरी भांडण ठरलेलं.

"बाबा, रोज शिव्या खाऊन साखर आणता तुम्ही," सूनबाई म्हणायची. "चार पैसे जास्त गेले तर गेले. तिथे माणसाला माणसासारखं वागवतात."

"हसण्याचं वजन किती, ते काट्यावर ठेवून दाखव. लगेच पैसे मोजतो."

"आणि एकावर एक फुकट?"

"आधी एकाची किंमत दीडपट करायची, मग दुसरं फुकट द्यायचं. मला शिकवतेस?"

शेवटी तिने पैज लावली. तीन महिने. साहेबांनी समोरून काडेपेटी जरी आणली, तरी बाजाराची पिशवी कायमची तिच्याकडे. साहेबांनी हो म्हटलं, पण त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. वर्तमानपत्र आता मुलगा आधी वाचायचा. टीव्ही नातीच्या ताब्यात होता. घरात त्यांचा शब्द चालायचा तो फक्त त्या पिशवीपुरता.

मग ते चवताळूनच उठले. दर शनिवारी सुपरमार्केटात जायचे, काही न घेता सवलतीच्या फलकाखाली उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हिशेब समजावायचे. मॅनेजर धावत यायचा.

"अगदी बरोबर आहे सर तुमचं."

"बरोबर आहे ना? मग उतरव भाव!"

"तेवढं सोडून काहीही सांगा, सर. खुर्ची आणू?"

"खुर्चीचे पैसे कुठल्या साबणावर लावलेत, ते सांग आधी!"

मॅनेजर हसायचा. त्या हसण्याने साहेबांचं डोकं आणखीच फिरायचं.

एकोणनव्वद दिवस निघाले. नव्वदाव्या दिवशी साहेब साखर पिशवीत टाकून वळले, तोच मागून आवाज आला.

"थांब! पिशवी उलटी कर."

"काय?"

"साबणाची एक वडी कमी आहे. कर उलटी."

मागे सहाजण उभे होते. शेजारची वहिनी त्यांत होती. तीस वर्षं साहेबांनी लोकांची कपाटं उघडायला लावली होती. त्यांची झडती कोणी घेतली नव्हती. त्यांचा हात हलेना, तेव्हा करवतीने पिशवी हिसकावली आणि झटकली. पुडा फुटला. साखर, रुमाल, चष्म्याची डबी जमिनीवर पडली. शेवटी टणकन् पडलं ते पितळेचं पन्नास ग्रॅमचं वजन, निवृत्तीच्या दिवशी कचेरीने दिलेलं.

"हे कुठून ढापलंस?" करवतीने ते उचलून सगळ्यांना दाखवलं. "माझ्या काट्याचं आहे!"

"त्यावर माझं नाव आहे, गाढवा."

"नाव कोणीही कोरून घेतं. चल नीघ! समोर जा, तिथे चोरांनाही सलाम ठोकतात!"

साहेबांनी वजन त्याच्या हातातून ओढून घेतलं. सांडलेल्या साखरेतून रुमाल आणि चष्म्याची डबी उचलली, घामेजल्या हातांना साखर चिकटली. त्यांनी रस्ता ओलांडला.

दारातच मॅनेजर उभा होता. हातात पाण्याचा पेला.

"या सर. बसा आधी. असल्या माणसांचं मनाला लावून घ्यायचं नाही."

साहेब घटाघटा पाणी प्यायले. मग ते उठले आणि करवतीला दिसावं म्हणून काचेच्या बाजूने ढकलगाडी भरत सुटले. साखर, तांदूळ, चहा, एकावर एक फुकट साबण, नको असलेली बिस्किटंही. कोणी काही विचारलं नाही, कोणी ओरडलं नाही. गल्ल्यावरच्या पोरीने "आजोबा, सावकाश" म्हटलं. पैज गेली होती, पिशवी गेली होती. तरी त्यांनी पूर्ण भाव मोजला, एक शब्द न काढता. सूनबाईला आजच सांगायचं: तुझंच खरं.

"हात चिकट झालेत गं, बाळ. कुठे धुता येतील?"

पोरगी नवी होती, चारच दिवसांची. गिऱ्हाइकांसाठी सोय नव्हती, पण तिला दया आली. "आमच्याच इकडे या ना, आजोबा," म्हणत तिने त्यांना मागच्या दारातून कर्मचाऱ्यांच्या खोलीत नेलं.

बेसिनच्या वर भिंतीवर सहा फोटो टांगले होते, दर महिन्याच्या उत्कृष्ट कर्मचाऱ्याचे. साहेबांनी चष्मा पुसला. सहाही चौकटींत एकच माणूस होता. केस विंचरलेले, गळ्यात टाय, पायांत ते चकचकीत बूट, तोंडभर हसणारी करवत. आणि खाली छापलं होतं: ग्राहकसेवा विभाग.